गोफण : राखणीचं हत्यार

येळवस उरकली की लातूर जिल्ह्यात ज्वारीच्या राखणीचे दिवस येतात. मार्गशीर्ष अमावास्येच्या या सणाला अख्खं घर शेतात जमतं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी-आंबिलीच्या पंगती उठतात. त्या सुमारास रब्बीची ज्वारी निसवलेली असते. पुढं काही दिवसांत कणसातला दाणा चिकात येतो आणि पाखरांना त्याचा सुगावा लागतो. चिमण्या, राघू, पारवे आणि हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणाऱ्या भोरड्या थव्यांनी उतरतात. दाणा टणक होईपर्यंत, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, कुणाला तरी माळ्यावर, म्हणजे उंच मचाणावर, उभं राहावंच लागतं. त्या माणसाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या गोफण राहिली आहे.

गोफणीचा जन्मही शेतातच होतो. तुरी-ज्वारीच्या कडेला अंबाडीचे चार तास पेरायचे, कोवळा पाला भाजीला खुडायचा, झाड वाढलं की कापून पाण्यात दाबून ठेवायचं. ते सडलं की साल सुटते. ती धुऊन वाळवली की दोरासाठी वाख तयार. नांदेड-लातूरच्या गावगाड्यात दोर वळण्याचं काम बहुतांशी मातंग समाजातल्या कारागिरांनी सांभाळलं. कासरा, दावं, चऱ्हाट, सोल हे सारं त्यांच्या हातचं. वर्षभराच्या या कामाचा मोबदला धान्याच्या रूपानं बलुत्यात मिळे. गोफणही त्याच बोटांतून उतरे.

चांगली गोफण हातात घेऊन पाहावी. मधोमध ढेकूळ नीट बसेल असा विणलेला पट्टा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे दोर. एका दोराच्या टोकाला बोट अडकवण्यापुरता फास, दुसऱ्याच्या टोकाला गाठ आणि गाठीपुढं सुट्या वाखाचा गोंडा. पीळ इतका एकसारखा हवा की फिरवताना दोर एकमेकांत गुंतणार नाहीत. एक दोर जरा तोकडा पडला, तरी ढेकूळ पट्ट्यातून आधीच घसरतं. लांबी फिरवणाऱ्याच्या उंचीनुसार ठरते. म्हणून एकाची गोफण दुसऱ्याच्या हाताला लगेच बसत नाही.

फास बोटात, गाठ अंगठ्याखाली, डोक्यावरून दोन-तीन वेढे, आणि गाठ सोडायची. गोफण म्हणजे लांब केलेला हात. हात आणि दोर मिळून एक मीटरची त्रिज्या धरली आणि सेकंदाला चार वेढे पडले, तर सुटताना ढेकळाचा वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगानं ते साठेक मीटर जाऊ शकतं. हवेची आडकाठी वजा केली तरी वावराच्या मधोमध माळा असेल तर एकटा माणूस दोनेक एकरांवर सहज नजर आणि मारा ठेवू शकतो. माळा उंच का बांधायचा आणि मधोमध का, याचं उत्तर यातच आहे.

मांजरा, तेरणा आणि गोदावरीच्या काठच्या काळ्या रानात दगड तसाही कमी. त्यामुळं गोफणीत वाळलेलं ढेकूळच घालतात, आणि तेच योग्य. दगड कणसं मोडतो, पुढं खुरप्याच्या पात्याला लागतो. ढेकूळ ताटांवर फुटतं, त्याचा सडसडाट होतो, थवा उठतो आणि माती मातीत मिळते. जाणता राखणदार पुष्कळदा रिकामी गोफणच फिरवतो आणि ऐन वेळी उलटा झटका देतो. गोंड्याचा ‘फाट्’ असा आवाज सगळ्या शिवारात घुमतो. आसुडाच्या टोकासारखाच तो गोंडा क्षणभर आवाजाच्या वेगाला ओलांडतो, म्हणून हा कडाका उठतो.

शिकायचं ते असं : आधी आठवडाभर रिकामी गोफण फिरवावी. मनगट सैल, खांदा स्थिर. मग चिंधीचा गोळा, मग ढेकूळ. ढेकूळ वर्तुळाच्या स्पर्शरेषेनं सुटतं. म्हणून गोफण नेमाच्या दिशेशी काटकोनात आली की गाठ सोडायची. नवशिक्याचं ढेकूळ चारी दिशांना कुठंही जाऊ शकतं, मागंसुद्धा. तेव्हा आजूबाजूला माणूस-गुरं नसलेलं मोकळं रान हवं.

जगभर मेंढपाळांनी आणि सैनिकांनी हीच विद्या जोपासली. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यात गोफणी सापडल्या. रोमन सैन्यात बालेआरिक बेटांवरच्या गोफणधाऱ्यांना मान होता. रबराची गलोल त्या मानानं कालची. चार्ल्स गुडइयरनं 1839 साली गंधकानं रबर पक्कं करण्याची रीत शोधली, त्यानंतर ती शक्य झाली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि बाभळीची बेचकी घेऊन आपल्याकडं पोरांनी ती घरोघर केली. रानावनात तग धरायला शिकवणारे आज गलोलीचं कौतुक करतात. पण रबर उन्हानं चिरतं आणि रानात दुसरं मिळत नाही. गोफण तुटली तर रानात मिळणाऱ्या वाखानं सांधता येते. शिवाय गलोलीनं पाखरू टिपायची सवय लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातल्या पाखरांच्या शिकारीला बंदी आहे. आपल्या शेतकऱ्यानं पाखराला मारण्यापेक्षा उठवण्यात कसब मानलं. तीच भोरडी रानातले टोळ-नाकतोडेही फस्त करते, हे तो जाणून होता.

आता माळे ओस पडले आहेत. लातूर-नांदेडचं रान सोयाबीन आणि हरभऱ्याखाली गेलं. त्यांना ज्वारीसारखी राखण लागत नाही. ज्यानं अजून घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरली, त्याचे हाल उलट वाढले. पूर्वी शिवारभर वाटले जाणारे थवे त्याच्याच एकरभर तुकड्यावर पडतात. पाखरांच्या भीतीनं तोही पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो. चमकत्या फिती लावतात, आरोळ्या ध्वनिमुद्रित करून भोंग्यावर वाजवतात, पण चार दिवसांत पाखरं सरावतात. ढेकूळ मात्र दर वेळी नव्या जागी पडतं, त्यामुळं पाखराला त्याची सहजी सवय होत नाही.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीचे गोडवे गायले गेले. ज्वारी परत हवी असेल तर तिची राखणही परत यायला हवी. शेजारच्या शेतकऱ्यांनी ज्वारीचे तुकडे एका अंगाला लावावेत आणि राखण वाटून घ्यावी. गावात गोफण वळणारं जुनं माणूस असेल, तर या हंगामात त्याच्याकडून योग्य दाम देऊन एक वळून घ्या आणि वळायलाही शिका. मुलांना मोकळ्या रानात ती फिरवू द्या, आणि पहिल्याच दिवशी सांगा : पाखरू उडालं की काम झालं.