बॅगेतलं सोनं, नोटांचं बंडल आणि विमानतळावरचा एक्स-रे

विमानतळावर सिक्युरिटीच्या पट्ट्यावर बॅग ठेवली की ती रबरी पडद्याआड जाते आणि काही सेकंदांनी पलीकडून बाहेर येते. मधल्या वेळात आत काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि बॅगेत कपडे-चार्जर असतील तर माहीत असायची गरजही नसते. पण आत लेकीच्या लग्नासाठी घेतलेली सोन्याची पाच नाणी असतील, किंवा हॉस्पिटलमध्ये भरायची रोकड असेल, तर तेवढ्या वेळात पोटात गोळा येतो. कपड्यांत गुंडाळून ठेवू का? चेक-इन बॅगेत टाकू का? ॲल्युमिनियम फॉइल लावलं तर दिसणार नाही ना? हे तिन्ही प्रश्न मला नात्यातल्या लोकांनी विचारलेत, कारण मी पीएचडीसाठी दिवसभर एक्स-रे यंत्रासमोर बसलेली असते. तिन्हींचं उत्तर 'नको' असं आहे. का, ते सांगते.

एक्स-रे एखाद्या वस्तूतून जाताना किती अडतात हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे त्या वस्तूची घनता, आणि दुसरी म्हणजे तिच्या अणूंचा अणुक्रमांक, म्हणजे अणुकेंद्रात किती प्रोटॉन आहेत तो आकडा. दुसरी गोष्ट जास्त जोरकस आहे. एक्स-रेचा कण अणूतल्या इलेक्ट्रॉनला धडकून पूर्णपणे गिळला जातो, त्या प्रक्रियेची शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अणुक्रमांक दुप्पट, तर शोषण सोळा पटीच्या आसपास. कार्बनचा अणुक्रमांक ६, ॲल्युमिनियमचा १३, लोखंडाचा २६, चांदीचा ४७ आणि सोन्याचा ७९. शिवाय सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. म्हणजे दोन्ही बाजूंनी सोनं पुढेच.

आकड्यांत बघू. बॅगेच्या यंत्रातली एक्स-रे नळी साधारण १४० ते १६० किलोव्होल्टवर चालते. त्यातून वेगवेगळ्या ऊर्जेचे कण निघतात, आपण हिशेबासाठी १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे घेऊ. एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियममधून शंभरातले ९५ कण आरपार जातात. तेवढ्याच जाडीच्या लोखंडातून ७५ च्या आसपास. आणि एक मिलिमीटर सोन्यातून? वीस हजारांत एक. दहा ग्रॅमचं नाणं दोन सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याची जाडी निघते १.६५ मिलिमीटर (घनतेवरून स्वतः करून बघा, दहावीचं गणित आहे). म्हणजे स्क्रीनवर ते नाणं जवळजवळ काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. पाच नाणी एकावर एक ठेवली की काळी वडीच. स्वयंपाकघरातलं फॉइल इतकं पातळ असतं की ते हजारातला एखादाच कण अडवतं. सोन्याभोवती फॉइल गुंडाळणं म्हणजे काचेआड लपण्यासारखं आहे.

आता रंगांची गंमत. स्क्रीनवर जे नारिंगी, हिरवं, निळं दिसतं ते वस्तूचे खरे रंग नसतात, ते यंत्राने हिशेब करून भरलेले असतात. पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला संवेदकांचे दोन थर असतात. पहिला थर कमी ऊर्जेचे कण टिपतो, मध्ये तांब्याची पातळ पट्टी, आणि तिच्यातूनही पार झालेले जास्त ऊर्जेचे कण दुसरा थर टिपतो. कमी ऊर्जेच्या कणांवर अणुक्रमांकाचा परिणाम खूप जास्त, जास्त ऊर्जेच्या कणांवर कमी. म्हणून दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर काढलं की वस्तू कुठल्या जातीच्या अणूंची आहे याचा अंदाज येतो. कागद, कापड, अन्न, प्लॅस्टिक नारिंगी. काच, ॲल्युमिनियम अशा मधल्या गोष्टी हिरव्याकडे झुकणाऱ्या. लोखंड, तांबं निळं. आणि जिथून काहीच पुरेसं पार होत नाही, तिथे गुणोत्तर काढायला आकडेच उरत नाहीत. ती जागा काळी.

पट्ट्यामागे बसलेल्या सीआयएसएफच्या जवानासाठी काळी जागा म्हणजे 'सोनं' नव्हे, काळी जागा म्हणजे 'मला इथे काय आहे ते कळत नाही'. शिसं असू शकतं, जाड पोलाद असू शकतं, त्याच्यामागे आणखी काही दडलेलं असू शकतं. म्हणून बॅग बाजूला घेतली जाते. त्यात तुमच्यावर संशय असतोच असं नाही, भौतिकशास्त्राने त्याच्यासमोर दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो. तेव्हा नाणी कपड्यांच्या घडीत खोल दडवलीत तर सगळी बॅग उघडून, लोकांसमोर, एकेक वस्तू बाहेर काढून तपासणी होणार. त्यापेक्षा नाणी एका छोट्या पाऊचमध्ये, बॅगेच्या वरच्या कप्प्यात, एकावर एक न रचता पसरून ठेवा. शेजारी बिल. आणि उघडायची वेळ आली तर "जरा बाजूला दाखवते" असं शांतपणे सांगा. तशी सोय असते.

नोटांची गोष्ट उलटी. आपल्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनतो, म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. सगळे हलके अणू. एखादी नोट स्क्रीनवर दिसतही नाही. पण पाचशेच्या नोटांची पाच-सहा बंडलं शेजारी शेजारी बांधली की एकसारख्या घनतेचा, सरळ कडांचा नारिंगी ठोकळा तयार होतो. स्फोटकंही हलक्या अणूंचीच असतात आणि बहुतेकदा ठोकळ्याच्या रूपात. त्यामुळे जाडजूड पुस्तक, बर्फीचा डबा आणि नोटांची थप्पी, तिघांनाही सारखीच नजर मिळते. (दिवाळीनंतर पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बॅगांमध्ये नारिंगी ठोकळ्यांची किती रांग लागत असेल, याचा विचार करून मला त्या जवानांची दया येते.)

देशांतर्गत विमानात रोकड किती न्यावी याला ठरावीक मर्यादा नाही, सोन्यालाही नाही. पण मोठी रक्कम दिसली तर सीआयएसएफ आयकर खात्याला कळवू शकते, आणि मग पैसे कुठून आले हे तिथल्या तिथे सांगावं लागतं. बँकेतून काढल्याची नोंद, जमीन विकल्याचा कागद, हॉस्पिटलचं इस्टिमेट, जे असेल ते फोनमध्ये नको, छापून सोबत ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर पन्नास हजारांच्या वरच्या रकमेलाही कागद हवाच. घाईत कुणी समजावून घेत बसत नाही.

तुम्ही ज्या चौकटीतून चालत जाता तिचं तत्त्व वेगळं आहे. तिथे एक्स-रे नसतात. चौकटीतल्या तारांच्या वेटोळ्यांत बदलता विद्युतप्रवाह सोडलेला असतो, त्याने बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र चौकटीला जाणवतं. "सोन्याला लोहचुंबक लागत नाही, मग मशीन कसं वाजेल?" असं विचारणाऱ्यांसाठी: वाजायला चुंबकत्व लागत नाही, वीज वाहून नेता आली की पुरतं. त्यात चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं तिसरं. शुद्ध सोन्याचं नाणं तेवढ्याच आकाराच्या स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यापेक्षा तीसेक पट चांगलं वाहक असतं. तेव्हा खिशात ठेवून चालत जाण्यातही अर्थ नाही. खिशातून ट्रेमध्ये, ट्रेमधून पट्ट्यावर, आणि तुमची चौकटीतली पाळी आल्याशिवाय ट्रे पुढे ढकलू नका. नाणी पलीकडे पोचली आणि तुम्ही अजून रांगेत, हा या सगळ्या प्रवासातला खरा धोक्याचा क्षण.

चेक-इन बॅगेचा विषय तर भौतिकशास्त्राचा नाहीच. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवलं तर भरपाई १९९९ च्या माँट्रियल करारानुसार ठरते. डिसेंबर २०२४ पासून ती कमाल मर्यादा दर प्रवाशी १,५१९ एसडीआर आहे, अंदाजे दोन हजार अमेरिकी डॉलर. आजच्या भावात त्यात दोन तोळेसुद्धा येत नाहीत. शिवाय बहुतेक विमान कंपन्या तिकिटाच्या अटींतच लिहितात की रोकड आणि दागिने चेक-इनमध्ये टाकू नका, टाकलेत तर जबाबदारी आमची नाही. बॅग तुमच्याजवळ, हातात. केबिनमध्ये जागा नाही म्हणून ती खाली द्यायला सांगितली तर आधी पाऊच काढून घ्या.

परदेशातून येताना नियम बदलतात, आणि इथे नाणी-दागिने हा फरक फार महागात पडतो. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहून परतणाऱ्याला स्त्री असल्यास ४० ग्रॅम, इतरांना २० ग्रॅम सोनं शुल्काशिवाय आणता येतं, पण ते फक्त दागिन्यांच्या रूपात. नाणी आणि बिस्किटं त्या सवलतीत बसत नाहीत. दुबईहून एक नाणं आणलं तरी लाल मार्गाने जाऊन सांगायचं. उलट, आपलेच दागिने घालून परदेशी जात असाल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते 'नवीन आणलेले' ठरत नाहीत. रोकडीचं म्हणाल तर भारतात राहणाऱ्यांना भारतीय चलन २५ हजार रुपयांपर्यंतच नेता-आणता येतं, आणि ५ हजार डॉलरहून जास्त परकीय नोटा आणल्या तर जाहीर कराव्या लागतात.

कस्टम्सकडे सोन्याचा कस पाहताना पुष्कळदा माझ्याच धंद्यातलं यंत्र वापरतात. एक्स-रे मारले की सोन्याचे अणू स्वतःची ठरलेली ऊर्जा परत फेकतात, ९.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, आणि त्यावरून कस कळतो. मर्यादा एकच: ते परत येणारे कण सोन्याच्या वरच्या काही मायक्रॉनमधलेच असतात. आत टंगस्टन भरलेलं असेल (त्याची घनता १९.२५, सोन्याला जवळजवळ जुळी) तर हे यंत्र फसू शकतं. सील न फोडलेलं पाकीट आणि बिल म्हणूनच जपायचं.

आता जुनी नाणी. माझ्या मावशीकडे आजीच्या बटव्यातले बारा राणीछाप रुपये आहेत, आणि ती ते सिएटलला मुलाकडे न्यायचे म्हणत होती. चांदीचा तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, दीड मिलिमीटर जाड. आपल्या हिशेबाच्या एक्स-रेतले दहातला एक कण त्यातून जातो, म्हणजे सुटं नाणं गडद निळं, रचलेली बारा पूर्ण काळी. स्क्रीनवर ती सापडणारच. पण खरी अडचण चांदीची नाही, तारखेची आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. विकायची नाहीये, घरचीच आहे, नातवाला दाखवायची आहे, यातलं काहीही चालत नाही. शिवराई असो, होन असो की राणीछाप, नियम एकच. आणि ही सीमारेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, पंचम जॉर्जची १९१८ ची नाणीही केव्हाच तिच्यात गेली.

मावशीने राणीछाप घरीच ठेवले. त्यांच्याऐवजी तिला १९४५ चे दोन रुपये न्यायचेत, षष्ठ जॉर्जचे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, त्यामुळे स्क्रीनवर ते राणीछापपेक्षा जरा फिके दिसतील. शंभर वर्षं भरायला अजून अवकाश आहे, तरी 'ही पुरावस्तू नाही' असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं, ते मी तिला तिकीट काढायच्या आधीच घ्यायला सांगितलंय. त्यासाठी नाण्यांच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो लागतील, तारीख वाचता येईल असे.