अर्धे नाव, अर्धा अर्थ

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीरच्या नावातच पीर आहेत. तिथल्या दर्ग्यातील हजरत हयात कलंदर यांच्या नावातला ‘हयात’ म्हणजे जीवन. माणसांच्या नावांतही असाच अर्थ दडलेला असतो. ‘साइमा’ म्हणजे रोजा ठेवणारी. ‘रय्यान’ हा रोजेदारांसाठीचा जन्नतचा दरवाजा. ‘अब्दुल’ मात्र पूर्ण नावच नव्हे. अरबीत ‘अब्द’ म्हणजे दास. ‘अब्दुल रहमान’ म्हणजे त्या परमदयाळूचा दास. शाळेच्या हजेरीपटावर ‘अब्दुल’ हे नाव आणि ‘रहमान’ हे आडनाव झाले, की हाक मारताना नुसते ‘चा दास’ उरते. कोणाचा, हेच गळते. रहमतीच्या या महिन्यात शेजाऱ्याला, सहकाऱ्याला एवढी ईदी आधीच देता येईल: त्याचे नाव पूर्ण घ्यावे.