पोराचं अक्षर खराब आहे, की वहीच चुकीची घेतलीय?

विदर्भात शाळेची घंटा वाजते जूनच्या शेवटी. त्याच्या आधीच्या आठवड्यात यवतमाळमधल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जा, काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो. "सिंगल लाइन देऊ, डबल लाइन देऊ, का फोर लाइन?" पहिलीतल्या पोराचे आईबाबा एकमेकांकडे बघतात आणि "द्या दोन-दोन" म्हणून मोकळे होतात. दोन महिन्यांनी शाळेतून निरोप येतो, अक्षराकडे लक्ष द्या. मग घरी ओरडा बसतो तो पोराला. वहीला कोणी काही म्हणत नाही.

तर मुद्दा असा, की मराठी आणि इंग्रजीचं रेघेशी असलेलं नातंच उलटं आहे. इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं, मराठी अक्षर रेघेला लटकतं. आपली शिरोरेघ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी समजा. मोडी लिपीत तर आधी पानभर आडवी रेघ ओढायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती, आठवतंय? त्या कागदांवर ही रेघ स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षराला लागणारी जागा. आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं घ्या. 'यवतमाळ', 'महागाव', 'दारव्हा' यांत रेघेच्या वर काही नाही आणि अक्षराच्या खालीही काही नाही. 'पुसद' आणि 'बाभूळगाव'मध्ये उकार खाली उतरतो. 'नेर', 'कळंब', 'वणी' वर जातात. 'आर्णी'त तर रफार आणि वेलांटी एकाच अक्षराच्या डोक्यावर. आणि 'केळापूर'ला वर मात्रा, खाली उकार, दोन्ही हवं.

दुरेघी, म्हणजे डबल लाइन वही, यासाठीच कामाची. जवळच्या दोन रेघांमध्ये अक्षराचं अंग बसतं. शिरोरेघ वरच्या रेघेवर, काना खालच्या रेघेपर्यंत. पुढची मोठी मोकळी जागा वाटून घ्यायची असते. तिच्या वरच्या भागात आधीच्या ओळीचे उकार, खालच्या भागात पुढच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्या. पहिलीतल्या मराठीसाठी डोळे झाकून हीच घ्या.

फोर लाइन इंग्रजीची. स्मॉल 'बी', 'डी', 'एच' वरच्या रेघेपर्यंत चढतात, 'जी', 'पी', 'वाय' सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत उतरतात, 'ए', 'सी', 'एम' मधल्या पट्ट्यात राहतात. या वहीत मराठी लिहिताच येत नाही असं नाही. शिरोरेघ दुसऱ्या रेघेवर धरली तर जमतं. पण कोणी सांगितलं नसेल तर पोरगं ती पहिल्या रेघेला चिकटवतं, मग मात्रेला जागा उरत नाही आणि ती वरच्या ओळीत घुसते. सेमी इंग्रजीच्या पोरांचा हा घोळ जास्त होतो, कारण दप्तरात दोन्ही वह्या असतात आणि हाताला लागेल ती उघडली जाते. कव्हरवर मोठ्या अक्षरात विषय लिहून ठेवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आता दुकानात करायची एक चाचणी. सगळ्या कंपन्यांच्या दुरेघी सारख्या नसतात. काहींत मोकळी जागा फारच कमी असते. घरातल्या जुन्या वहीत किंवा दुकानदाराला विचारून नमुन्याच्या पानावर एका ओळीत 'पुसद' लिहा आणि बरोबर त्याखाली 'केळापूर'. 'पु'चा उकार आणि 'के'ची मात्रा समोरासमोर येतात. दोघांची टक्कर झाली तर दुसरी वही मागा. पोराच्या हाताचं अक्षर तुमच्यापेक्षा मोठं असतं, तेवढं सोडून हिशेब करा. कागदावर खोडरबरही घासून बघा. पातळ पान पहिल्याच 'ळ'ला फाटतं, आणि 'ळ' एका फटक्यात कोणाला जमलाय?

एकरेघी, म्हणजे सिंगल लाइन, घाईने देऊ नका. शेजारच्याचं पोरगं लिहितंय म्हणून तर नकोच. दुरेघीत काने एका उंचीचे यायला लागले आणि शब्दांमध्ये सारखं अंतर पडायला लागलं, की द्या. कोणाला ते दुसरीत जमतं, कोणाला तिसरीत.

खर्चाचं म्हणाल तर राज्य सरकारने 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच लिहायची पानं जोडली होती. तो निर्णय जानेवारी 2025 मध्ये रद्द झाला, म्हणजे वह्या पुन्हा वेगळ्या घेणं आलं. दिलासा एवढाच, की 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिल आणि खोडरबरावर जीएसटी शून्य आहे. बिल घेताना तेवढं बघून घ्या.