नियंत्रण पृष्ठांची फडफड (स्वनिर्मित द्विपंखी विमाने)

नियंत्रण पृष्ठांची फडफड (फ्लटर) म्हणजे उडत्या विमानाच्या एलेरॉन, एलेव्हेटर किंवा रडर या हलत्या भागांमध्ये निर्माण होणारे व स्वतःहून वाढत जाणारे कंपन होय. हे कंपन वाहत्या हवेतून ऊर्जा घेते. त्यामुळे ठरावीक वेगापुढे ते आपोआप शमत नाही आणि काही सेकंदांत बिजागऱ्या, पंख किंवा शेपटीचा भाग तुटू शकतो. ते टाळण्याच्या प्रमुख उपायांपैकी एक म्हणजे नियंत्रण पृष्ठांचे वस्तुमान-संतुलन. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानांच्या बाबतीत हे संतुलन साधण्याची जबाबदारी उत्पादकाची असते. हौशी व्यक्तीने आराखड्यांवरून स्वतः बांधलेल्या विमानात ती बांधणाऱ्याकडे येते.

कारणमीमांसा

पंख आणि शेपटी लवचिक असतात; हवेच्या झोताने त्या किंचित वाकतात व पिळल्या जातात. एलेरॉन पंखाच्या मागच्या भागाला बिजागऱ्यांनी जोडलेले असते आणि विशेष उपाय न केल्यास त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या रेषेमागे असतो. पंख अचानक वर ढकलला गेला की जडत्वामुळे एलेरॉन मागे राहते आणि त्याची मागची कड पंखाच्या तुलनेत खाली झुकते. खाली झुकलेले एलेरॉन पंखाची उचल वाढवते, त्यामुळे पंख आणखी वर जातो. पंखाची ताठरता त्याला परत खाली खेचू लागली की हीच क्रिया उलट दिशेने घडते.

कमी वेगात हवेचा रोध या हालचालीतील ऊर्जा काढून घेतो व कंपन विरून जाते. वेग वाढत गेल्यावर अशी वेळ येते की प्रत्येक आवर्तनात हवेकडून मिळणारी ऊर्जा विरणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक होते. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. सामान्य अनुनादात बाहेरून नियमित धक्के मिळावे लागतात. फडफडीसाठी मात्र स्थिर वाहणारी हवा आणि सुरुवातीचा एखादा हेलकावा पुरेसा असतो.

इतिहास

फडफडीच्या पहिल्या शास्त्रीय अभ्यासाचा विषय एक द्विपंखी विमानच होते. १९१६ मध्ये ब्रिटनमधील हँडली पेज कंपनीच्या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत तीव्र कंपने आढळली. फ्रेडरिक लँचेस्टर, तसेच लेनर्ड बेअर्स्टो व आर्थर फेज यांनी त्यांचा अभ्यास केला. डाव्या व उजव्या एलेव्हेटरना स्वतंत्र तारा होत्या. त्यामुळे ते परस्परविरुद्ध दिशेने हलू शकत होते व त्याच वेळी विमानाचे धड पिळले जात होते. दोन्ही एलेव्हेटर एका मजबूत नळीने जोडणे हा त्यावरील उपाय ठरला. पुढे डी.एच.९ या विमानातही तोच उपाय करण्यात आला.

१९२० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समधील फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी एलेरॉनमुळे होणाऱ्या पंखाच्या फडफडीचा अभ्यास केला. एलेरॉनच्या बिजागरीपुढे वजन लावून ही फडफड रोखता येते, हे त्यांनी दाखवले. वस्तुमान-संतुलनाची आजची पद्धत या कामावर उभी आहे.

द्विपंखी रचनेची वैशिष्ट्ये

कर्टिस पिट्स यांचे पिट्स स्पेशल (पहिले उड्डाण १९४४) आणि अमेरिकेतील डेन्व्हर येथील शिक्षक लामार स्टीन यांचे स्कायबोल्ट (१९७०) ही आराखड्यांवरून बांधल्या जाणाऱ्या द्विपंखी विमानांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. अशा विमानांत सामान्यतः लाकडी पंखांवर व पोलादी नळ्यांच्या धडावर कापड ताणलेले असते.

द्विपंखी विमानाचे वरचे व खालचे पंख टेकू आणि ताणलेल्या तारांनी एकमेकांना बांधलेले असतात. ही चौकट पिळाला चांगला विरोध करते, परंतु तारा योग्य ताणात असतील तरच. तार सैल पडली की पंखाची ताठरता घटते आणि क्रांतिक वेगही खाली येऊ शकतो. शेपटीला आधार देणाऱ्या तारांनाही हेच लागू होते.

अनेक द्विपंखी विमानांत चारही पंखांना एलेरॉन असतात. वैमानिकाची दांडी खालच्या एलेरॉनला हलवते आणि वरचे एलेरॉन एका जोडदांड्याने खालच्याला बांधलेले असते. जोडदांड्याच्या टोकांशी ढिलाई असेल, तर वरचे एलेरॉन तेवढ्या अंतरात मोकळे राहते.

कापडी द्विपंखी विमानाचा हवारोध मोठा असल्याने सपाट उड्डाणात वेग मर्यादित राहतो. कसरतीतील सूर मारताना मात्र ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जादा शक्तीचे इंजिन बसवल्याने परवानगीचा कमाल वेग वाढत नाही.

संतुलनाचे प्रकार

स्थिर संतुलन: बिजागरीपुढे, बहुधा शिशाचे, वजन लावून पृष्ठाचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या रेषेवर किंवा किंचित पुढे आणला जातो. उदाहरणार्थ, २.५ किलोग्रॅमच्या एलेरॉनचा गुरुत्वमध्य बिजागरीमागे ८ सेंटिमीटरवर असेल, तर त्याचा आघूर्ण २० किलोग्रॅम-सेंटिमीटर होतो. बिजागरीपुढे १० सेंटिमीटरवर २ किलोग्रॅम किंवा २० सेंटिमीटरवर १ किलोग्रॅम वजन लावल्यास तो पूर्ण संतुलित होतो. लांब भुजेमुळे वजन वाचते, पण भुजा ताठ नसेल तर ते वजन स्वतःच कंप पावू लागते आणि संतुलनाचा हेतू फसतो.

गतिक संतुलन: येथे वजन किती, याबरोबरच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. वाकताना पंखाचे टोक सर्वाधिक हलते, म्हणून एलेरॉनच्या बाहेरच्या टोकाकडील वजन अधिक परिणामकारक असते. धडाच्या पिळाविरुद्ध एलेव्हेटरच्या टोकांवरील वजने उपयोगी पडतात.

वायुगतिक संतुलन: बिजागरीपुढील पृष्ठभाग किंवा एलेरॉनखाली लावलेली ‘स्पेड’ नावाची पट्टी दांडीवरील जोर हलका करते. नाव सारखे असले तरी हे वस्तुमान-संतुलन नव्हे. एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

मोजणी व देखभाल

संतुलन रंगकामानंतर तपासावे लागते. पृष्ठ विमानापासून सोडवून बिजागरीच्या रेषेवर कमीत कमी घर्षणाच्या आधारांवर आडवे ठेवतात. पूर्ण संतुलित पृष्ठ आडवेच राहते; मागची कड खाली गेल्यास ते मागे जड असते आणि कडेखाली काटा ठेवून किती जड ते मोजता येते. किती संतुलन हवे हे आराखड्यात दिलेले असते. काही संथ विमानांची रचना ताठरतेवर विसंबून केलेली असल्याने त्यांत पूर्ण संतुलन अपेक्षित नसते.

मागच्या कडेजवळ चढलेले थोडे वजनही परिणाम करते, कारण ते बिजागरीपासून सर्वांत दूर असते. रंगाचा नवा थर, कापडाचे ठिगळ किंवा निचऱ्याचे छिद्र बुजल्याने आत साचलेले पाणी यांमुळे पूर्वी संतुलित असलेले पृष्ठ बिघडू शकते. म्हणून दुरुस्ती किंवा रंगकामानंतर मोजणी पुन्हा करतात. बिजागऱ्या, जोडदांडे व ट्रिम टॅब यांतील ढिलाई आणि तारांचा ताणही नियमित तपासले जातात.

उड्डाण चाचणी

अमेरिकेत हौशी बांधणीची विमाने ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदली जातात. त्यांच्या आराखड्याला प्रमाणित विमानांसारखी प्रकार-मान्यता लागत नाही. फडफडीची चाचणी पुरेशा उंचीवर, पॅराशूट बांधून आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवत घेतली जाते. प्रत्येक टप्प्यावर दांडीला हलका झटका देऊन कंपन किती लवकर विरते ते पाहिले जाते. विरण्यास लागणारा वेळ वाढू लागणे हा थांबण्याचा इशारा असतो. मात्र इशारा न देताही फडफड सुरू होऊ शकते. ती सुरू झाल्यास इंजिनाची शक्ती कमी करून, दांडी घट्ट धरून व नाक हळुवार वर घेऊन वेग घटवला जातो. त्यानंतर विमान उतरवून संपूर्ण तपासणी होईपर्यंत ते पुन्हा उडवले जात नाही.