वकील गेला तरी तारीख चुकत नाही

जमिनीचा दावा पंधरा-पंधरा वर्षे चालतो. तेवढ्यात पोरे कर्ती होतात, म्हातारी माणसे जातात. वकील तरी माणूसच. तो कधी आजारी पडतो, कधी वारतो. कुणी न्यायाधीश होतो, कुणी पगारी नोकरी धरतो. मग त्याला वकिली करता येत नाही. 1920 साली गांधीजींनी असहकाराची हाक दिली, तेव्हा मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास अशा नामांकित वकिलांनीही वकिली सोडली होती. त्यांच्या पक्षकारांनाही दुसरा वकील बघावाच लागला असेल!

ज्याचा दावा वकिलाकडे असतो त्याला पक्षकार म्हणतात. म्हणजे तुम्ही-आम्ही. आपला वकील गेला की पक्षकाराने काय करावे, ते आता पाहू.

पहिली गोष्ट ही, की वकील गेला म्हणून दावा थांबत नाही. कोर्टाला आपोआप काही कळत नाही. ठरल्या तारखेला शिपाई पुकारा करतो. कुणी उभे राहिले नाही, तर दावा लावणाऱ्याचा दावा काढून टाकला जाऊ शकतो. आपण प्रतिवादी असलो तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. एकतर्फी म्हणजे आपले न ऐकता. उसाची तोड आली म्हणून तारखेला गेलो नाही, हे कारण कोर्टात चालेलच असे नाही.

म्हणून वकील गेल्याचे कळले की आधी पुढची तारीख काढावी. वकिलाच्या कारकुनाला विचारावे, त्याच्या डायरीत ती असते. दुखवट्याच्या घरी लगेच कागद मागायला जाणे बरे दिसत नाही, हे खरे. पण तारीख तेराव्यापर्यंत थांबत नाही. कारकून भेटला नाही तर कोर्टाच्या कचेरीत दाव्याचा नंबर आणि साल सांगावे. हल्ली प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरे-आकड्यांचा एक सी.एन.आर. नंबर असतो. तो मोबाईलवर घातला की तारीख दिसते. घरातले शाळकरी पोरगेही ते काम करील. हा नंबर आजच रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवा.

तारीख उद्यावर आली आणि नवा वकील मिळाला नाही, तर? तर आपण स्वतः जावे. पुकारा झाला की उभे राहावे. "साहेब, आमचे वकील वारले. दुसरा वकील द्यायला मुदत मिळावी," एवढे सांगावे. हेच अर्जात लिहून दिले तर फार उत्तम. कोर्टात बोलायला भिऊ नये. दावा आपला आहे.

आता वकीलपत्राचे. आपण सही करून वकिलाला जे अधिकार देतो, ते वकीलपत्र. वकील वारला की ते संपते. वकील हयात असून काम सोडत असेल, तर त्याने आपल्याला आधी कळवले पाहिजे आणि कोर्टाची परवानगी घेतली पाहिजे. न केलेल्या कामाची आगाऊ फी त्याने परत करायची असते. पुष्कळांना वाटते, वकिलाचा मदतनीस आहे, तो बघेल. मदतनिसाचे नाव वकीलपत्रात असेल तर बघेल. नसेल तर नवे वकीलपत्र द्यावे लागते. आणि सही करताना कोऱ्या कागदावर करू नका, कितीही घाई असली तरी.

नवा वकील केला म्हणजे दावा पहिल्यापासून सुरू होतो, असे काहीजण समजतात. तसे नाही. झालेल्या साक्षी तशाच राहतात. दाव्याचा कोर्ट स्टॅम्प पुन्हा भरावा लागत नाही. जुना वकील हयात असेल तर नवा वकील त्याची ना हरकत मागतो. ती मिळाली नाही, तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घेता येते.

खरी अडचण कागदांची. खरेदीखत, वाटणीपत्र, जुने सातबारे वकिलाच्या कपाटात असतात. "फी बाकी आहे, कागद देत नाही," असे कुणी म्हणाले, तर ते कायद्याला धरून नाही. फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सुप्रीम कोर्टाने 2000 साली सांगितले आहे. वकील गैर वागला तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. वारलेल्या वकिलाच्या घरून कागद आणताना यादी करून पोच द्यावी. दाव्यात दाखल झालेल्या कागदांची नक्कल कोर्टातून मिळते.

तारीख चुकलीच आणि दावा निघाला, तर हातपाय गाळू नयेत. दावा पुन्हा बोर्डावर घ्यावा म्हणून 30 दिवसांत अर्ज करता येतो. एकतर्फी निकाल रद्द करायलाही 30 दिवसच आहेत. उशीर झाला तर उशिराचे कारण सांगणारा वेगळा अर्ज जोडावा. वकिलाच्या मृत्यूचा दाखला तिथे उपयोगी पडतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा बिचाऱ्या पक्षकाराला नको, असे सुप्रीम कोर्ट 1981 साली म्हणाले होते. पण पक्षकार वर्षानुवर्षे फिरकलाच नाही, तर कोर्ट त्यालाही विचारते, "तुम्ही कुठे होता?"

पैसा नसेल तर? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाई असो, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असो, अपंग असो, किंवा ज्याचे उत्पन्न सरकारी मर्यादेखाली आहे असा कुणी असो, त्यांना वकील फुकट मिळतो. बाईला तर उत्पन्नाची अटही नाही. 15100 या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी हायकोर्टाच्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. प्रवास वाचला. पण मुंबईचा आपला वकील प्रत्येक तारखेला कोल्हापूरला येईलच, असे नाही. तुमचे जुने अपील असेल, तर ते आता कुठे चालते आणि आपल्या बाजूने कोण उभे राहणार, हे वकिलाला फोन करून विचारा. त्याने नाही म्हटले, तर कागद मागवून घ्या आणि कोल्हापुरात दुसरा वकील बघा. बेंच सी.पी.आर. दवाखान्यासमोर, जुन्या कोर्टाच्या इमारतीत आहे. जिल्हा कोर्ट मात्र कसबा बावड्याला. एस.टी.तून उतरल्यावर रिक्षावाल्याला नीट सांगा, नाहीतर तारखेच्या दिवशी भलत्याच कोर्टात जाऊन उभे राहाल.