एचआयव्हीबाधित बालकांचा औषधोपचार निष्फळ का ठरतो?

एचआयव्हीबाधित बालक आज योग्य औषधोपचाराच्या बळावर शाळेत जाऊ शकते, खेळू शकते आणि मोठे होऊन आपल्या पायावर उभे राहू शकते. केंद्र शासनाने १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २००६ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील बालकांना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील, म्हणजे लोकांच्या परिचयाच्या 'सीपीआर'मधील एआरटी केंद्रातून ही औषधे मिळतात. तथापि, औषध मिळणे आणि ते लागू पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. काही बालकांच्या बाबतीत औषध चालू असूनही विषाणू वरचढ ठरतो. यालाच उपचार निष्फळ ठरणे म्हणतात.

विषाणू वरचढ कसा होतो?

एआरटी औषधे विषाणूचा समूळ नाश करीत नाहीत. ती त्याची वाढ रोखून धरतात. त्यासाठी रक्तातील औषधाचे प्रमाण सतत पुरेसे राहावे लागते. मात्रा चुकल्या की हे प्रमाण घटते आणि विषाणू पुन्हा स्वतःच्या प्रती काढू लागतो. या प्रती काढताना त्यात चुका होतात. त्यांतील एखादी चूक विषाणूला औषधापासून बचावणारी ठरते आणि पुढे तोच वाण फोफावतो. मग औषध नियमित घेतले तरी त्याचा उपयोग होत नाही.

दिवसातून दोन वेळा औषध घेणाऱ्या बालकाच्या महिन्याला ६० मात्रा होतात. त्यांतील ३ चुकल्या तर नियमितपणा ९५ टक्क्यांवर येतो. याहून अधिक मात्रा चुकणे धोक्याचे मानले जाते.

बालकांच्या अडचणी निराळ्या

प्रौढ माणूस आपले औषध आपण घेतो. बालकाला ते कोणीतरी द्यावे लागते. चंदगड, आजरा किंवा शाहूवाडी तालुक्यातील एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आईवडील हयात नाहीत आणि नातवंडाचा सांभाळ आजी करते. तिला लेबल वाचता येत नाही. भात लावणीच्या दिवसांत ती पहाटेच शेतावर जाते. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून औषधाची बाटली धान्याच्या कणगीमागे दडवलेली असते. पाहुणे आले की त्या दिवशीची मात्रा राहून जाते. येथे माया कमी नसते. आधार कमी पडतो.

याखेरीज आणखीही कारणे आहेत. बालकांची मात्रा वजनानुसार ठरते. वजन वाढले आणि मात्रा तीच राहिली, तर औषध अपुरे पडते. काही पातळ औषधे इतकी कडू असतात की मूल ती थुंकून टाकते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे काही एआरटी औषधांचा प्रभाव घटतो व मात्रेत बदल करावा लागतो. ऊसतोडणीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून येथे येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे औषध स्थलांतरात खंडित होण्याचा संभव असतो. आणि बारा-तेरा वर्षांचे मूल एके दिवशी विचारते, "मला काही होत नाही, मग रोज गोळी कशाला?" त्याला वयानुरूप खरे उत्तर मिळाले नाही, तर ते गोळी घेणे टाळू लागते.

निदान व पुढील उपाय

उपचार निष्फळ होण्याची पहिली खूण रक्तात दिसते. पुढे प्रतिकारशक्ती दर्शविणाऱ्या सीडी-४ पेशी घटतात. वजन न वाढणे, वारंवार ताप व जुलाब ही लक्षणे बहुधा त्यानंतर दिसू लागतात. म्हणूनच मूल हसतेखेळते दिसते एवढ्यावर विसंबून चालत नाही. रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी 'व्हायरल लोड' तपासणी वेळच्या वेळी होणे आवश्यक आहे. एक मिलिलिटर रक्तात १,००० वा त्याहून अधिक प्रती आढळल्यास प्रथम औषध बदलत नाहीत. सुमारे तीन महिने समुपदेशन करून सर्व मात्रा नियमित दिल्या जातात व पुन्हा तपासणी होते. पुष्कळदा एवढ्यानेच विषाणू आटोक्यात येतो. तरीही प्रमाण चढेच राहिले, तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने दुसऱ्या फळीची औषधे सुरू होतात. मात्र औषधांचे पर्याय मोजके आहेत आणि बालकापुढे सारे आयुष्य असते. यास्तव पहिलीच फळी जपणे हिताचे.

गावाने काय करावे?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. त्यानुसार बाधित बालकास शाळेत प्रवेश नाकारणे वा वेगळे बसविणे हा कायद्याचा भंग आहे. बालकाची माहिती संमतीविना उघड करण्यासही मनाई आहे. पालक नसलेल्या किंवा आजारी पालकांच्या घरातील, पुरेशी समज असलेले १२ ते १८ वर्षांचे मोठे भावंड धाकट्या भावंडांच्या शाळाप्रवेशासाठी व उपचारांसाठी पालक म्हणून काम पाहू शकते, ही त्यातील महत्त्वाची तरतूद होय.

शिक्षकांनी तपासणीच्या दिवशीची रजा कारण न विचारता मंजूर करावी. पंचायत सदस्यांनी बालसंगोपन योजना व संजय गांधी निराधार अनुदान योजना यांचे अर्ज भरण्यास अशा कुटुंबांना साहाय्य करावे. परगावी जाणाऱ्या कुटुंबाने एआरटी केंद्राची हिरवी पुस्तिका सोबत ठेवावी व जाण्यापूर्वी केंद्रास कळवावे. अधिक माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

कोणते मूल बाधित आहे, हे गावाने शोधू नये. प्रत्येक मुलाला निर्धास्तपणे औषध घेता येईल असे वातावरण मात्र गावाने अवश्य निर्माण करावे. कणगीमागची बाटली उघडपणे फळीवर आली, तर आजीच्या हातून मात्रा चुकणार नाही.