पाळणा लांबवणारी सुई
संप्रेरकांची शाळा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण थायरॉइड पाहिलं. ग्रंथी कमी पडली की रोजची गोळी तिची उणीव भरून काढते, हिशोब सरळ आहे. मग पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी पडलं तर तेही बाहेरून द्यावं, हे ओघानं आलंच. तसं देतातही. पण थायरॉइडच्या गोळीत नसलेली एक मेख या औषधात आहे. ज्याला मूल हवंय त्यानं ती आधी समजून घेतली पाहिजे.

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः अंडकोषात तयार होतं. किती करायचं, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून सुटतो. तिचं एलएच हे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावतं आणि एफएसएच शुक्राणूंच्या कामाला हातभार लावतं. रक्तातली पातळी पुरेशी झाली की हुकूम थांबतो. घरावरच्या टाकीतला बॉलकॉक असाच चालतो. तुम्ही वरून टँकरचं पाणी ओतलंत की बॉलकॉक उचलला जातो आणि नळ बंद होतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पिट्युटरीही अशीच गप्प बसते.

एवढ्यावर भागत नाही. अंडकोषाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं आणि शुक्राणू तयार व्हायला ते तितकं लागतंच. सुईमुळे रक्तातला आकडा वाढतो, पण आतला कोसळतो. रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि शुक्राणू मात्र घटत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं तर हेच औषध पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनांथेट दिलं गेलं. सहा महिन्यांच्या आत त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला सहा महिने ते वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

आता हे बीडमध्ये ठेवून पाहा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन इथली हजारो जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. सलग झोप म्हणाल तर चार-पाच तास. शिकागो विद्यापीठाच्या २०११ च्या एका छोट्या अभ्यासात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. त्यामुळे हंगामात एखाद्या गड्याला ‘अंगात जीव राहिला नाही’ असं वाटलं, तर औषधाची बाटली शोधण्याआधी त्याची झोप मोजावी.

मूल होत नसेल तर इथे सगळ्यात आधी दवाखान्यात नेतात ते सुनेला. तिची सोनोग्राफी होते, गोळ्या होतात, अंगारे-धुपारेही होतात. बीडमध्ये बाईच्या शरीरावर किती सहज उपचार होतात, हे २०१९ मध्ये साऱ्या राज्यानं पाहिलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ज्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र राहून जाते, आणि ती तर स्वस्तातली, सुई न टोचता होणारी तपासणी. अशात कुणी त्याला ‘ताकदीचं इंजेक्शन’ सुचवलं आणि ते टेस्टोस्टेरॉनचं निघालं, तर दोष त्याच्यात तयार होतो आणि बोल तिला लागत राहतो.

टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधी वेळ बघा. समजा, कागदावर ‘टोटल टेस्टोस्टेरॉन २६०’ आहे आणि नमुना घेतल्याची वेळ संध्याकाळी सव्वापाच. बाजार उरकून, जेवून माणूस लॅबमध्ये गेला होता. हा रिपोर्ट निदानाला चालत नाही. हे संप्रेरक सकाळी चढतं आणि दिवसभरात उतरतं; जेवणानंही घटतं. म्हणून नमुना सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा द्यायचा. अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅम ही खालची मर्यादा धरली आहे. दोन्ही वेळा आकडा त्याखाली आणि सोबत लक्षणंही असतील, तरच निदान. लक्षणं म्हणजे इच्छा ओसरणं, सकाळची ताठरता जाणं, दाढी विरळ होणं, हाडं ठिसूळ होणं. ‘धातू जातो म्हणून कमजोरी’ हे त्यात नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून असल्या समजुतींशी झुंज दिली, तरी एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या जाहिराती अजून त्यांवरच पोट भरतात.

काहींना हे औषध खरोखर लागतं. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये, म्हणजे साधारण ६०० मुलग्यांत एकाला, एक एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं. कुणाचे अंडकोष गालगुंडानंतर सुजून निकामी होतात, कुणाच्या पिट्युटरीला गाठ होते. अशांना इंजेक्शन किंवा जेल यांनी फार फरक पडतो. पोट सुटलेल्या, मधुमेही माणसाचं वजन उतरलं तर पातळी बऱ्याचदा आपोआप चढते.

हृदयाचं म्हणाल, तर २०२३ च्या ट्रॅव्हर्स या चाचणीत, पाच हजारांवर पुरुषांत, झटके किंवा पक्षाघात वाढले नाहीत. अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणं मात्र थोडं जास्त आढळलं. रक्त दाट होऊ शकतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवावं लागतं. प्रोस्टेटवरही लक्ष ठेवायचं. तेव्हा मेडिकलमधून आणून कंपाउंडरकडून टोचून घ्यायचं हे औषध नव्हे.

ज्यांचा बिघाड पिट्युटरीत आहे आणि ज्यांना मूल हवंय, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. एचसीजीची इंजेक्शनं अंडकोषालाच कामाला लावतात, गरजेप्रमाणे एफएसएचही जोडतात. तेव्हा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा किंवा गावच्या डॉक्टरांकडे. सुई घेण्याआधी त्यांना ‘आम्हाला मूल हवंय’ एवढं सांगा आणि आधी वीर्यतपासणी करा.

पुढील लेखांकात : जिममधली पावडर, गोळ्या आणि स्टिरॉइड.